रोबोला जाग येण्याची वाट कशाला बघायची?

चाकणच्या एका व्हेंडर कंपनीतल्या वेल्डरचं हे पत्र. नाव छापू नका असं त्यांनी कळवलं आहे, म्हणून कंपनीची ओळख पटेल असे तपशीलही काढून टाकले आहेत.

"ताई, नमस्कार. माझं वय ४४. वीस वर्षं सीओटू वेल्डिंग करतोय, त्यातली चौदा याच कंपनीत. कायम आहे. आम्ही गाड्यांच्या सीटच्या फ्रेम बनवतो. गेल्या वर्षी शॉपमध्ये रोबोचे चार सेल, म्हणजे कुंपण घातलेले कप्पे, आले. साहेबांनी मीटिंग घेऊन सांगितलं की एकाचीही नोकरी जाणार नाही. कायम माणसाला खरंच कुणी हात लावला नाही. पण ब्रेक दिलेली कंत्राटी पोरं परत बोलावली नाहीत. खंडेनवमीला वेल्डिंगच्या टॉर्चबरोबर रोबोलाही हार घातला, तेव्हा वाटलं, आपण कुणाची पूजा करतोय? मुलगा बारावीला आहे. मोबाइलवर माणसासारखे चालणारे रोबो बघतो आणि म्हणतो, 'बाबा, दहा वर्षांत यांना स्वतःचं डोकं येईल, मग डिप्लोमा करून काय उपयोग?' मला उत्तर देता येत नाही. रात्रपाळीला सेलपाशी एकटा असलो की तो हात माझ्याकडे वळून थांबतो आणि अंगावर काटा येतो. बायको म्हणते, पीएफ काढा आणि राजगुरुनगरला ग्रिल-गेटचा गाळा टाका. काय करू?"

नमस्कार दादा,

रात्रपाळीपासून सुरुवात करते, कारण तिथे जिवाशी गाठ आहे.

तो हात तुमच्याकडे वळून थांबतो, कारण त्याची होम पोझिशन, म्हणजे काम संपल्यावर परतायची ठरलेली जागा, तिथे आहे. सेल बसवायला आलेल्या कुणा इंजिनिअरने पेंडंट, म्हणजे रोबो चालवायचा बटणांचा रिमोट, हातात धरून तो पॉइंट शिकवला, म्हणून सायकल संपली की हात तिथे येतो. तुमच्या जागी रिकामं स्टूल असतं तरी तसाच थांबला असता. पण काटा येतो ते बरंच आहे, येऊ द्या. थांबलेला रोबो बंद असतोच असं नाही. फिक्श्चरमध्ये, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, पार्ट बसल्याचा सिग्नल यायचा असतो, म्हणून तो थांबतो, आणि सिग्नल मिळाला की पूर्ण वेगाने निघतो. २५ जानेवारी १९७९ ला अमेरिकेत, मिशिगनमधल्या फोर्डच्या फ्लॅट रॉक कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स नावाचा २५ वर्षांचा कामगार कास्टिंगच्या रॅकवर चढला. यंत्राकडून पार्ट नीट निघत नव्हते म्हणून हाताने काढायला गेला होता. मागून रोबोचा हात आला आणि डोक्यावर आदळला. विल्यम्स जागीच गेला. रोबोमुळे माणूस दगावल्याची ही पहिली नोंद मानली जाते. सोबत्यांना पत्ता लागेपर्यंत अर्धा तास गेला, आणि तेवढा वेळ रोबो आपलं काम करत राहिला.

तेव्हा कुंपणाच्या आत पाय टाकण्याआधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. "दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणणारा सुपरवायझर डोक्यावर उभा असला तरी.

मुलाला हीच गोष्ट सांगा. रोबोला डोकं येईल याची त्याला धास्ती आहे. विल्यम्स मेला तो रोबोला डोकं नव्हतं म्हणून. समोर काय आहे, कुणाला लागलं, आपण काय केलं, यातलं काहीही त्या यंत्राला ठाऊक नव्हतं. आजच्या रोबोला कॅमेरे आहेत, माणूस जवळ आला की वेग कमी करणारे सेन्सर आहेत. मोजमाप वाढलं आहे. पण मोजमापाच्या पलीकडे आत कुणी आहे का?

पैठणच्या रेड्याची गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना पाठ असते. रेड्याने वेद म्हटले, एवढं लक्षात राहतं. त्याच कथेत आणखी एक प्रसंग सांगतात, रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. जाणिवेचा शोध घ्यायचा तर मी त्या वळांकडे बघेन. वेद आता कुणीही म्हणतं. मुलाच्या मोबाइलमधलं चॅटचं सॉफ्टवेअर "मला वाईट वाटलं" असं अस्खलित मराठीत लिहितं, कारण माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर पचवून पुढे कोणता शब्द शोभेल हे ते शिकलेलं असतं. २०२२ मध्ये गूगलचा ब्लेक लमॉइन नावाचा इंजिनिअर अशाच गप्पांना भुलला, कंपनीच्या लॅम्डा प्रोग्रामला भावना आहेत असं त्याने जाहीर केलं आणि त्याची नोकरी गेली. शिकलेल्या, त्यातच काम करणाऱ्या माणसाचं हे झालं, तर बारावीतल्या पोराला काय बोलायचं!

तारखेबद्दल मात्र बोलायला हवं. क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने १९९८ साली डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती की मेंदूत जाणीव नेमकी कशातून उमटते ते पंचवीस वर्षांत सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत कॉखनी भर सभेत हार मान्य केली आणि वाइनच्या बाटल्या दिल्या. स्वतःच्या कवटीत काय चाललंय हे ज्यांना अजून उलगडलेलं नाही, त्यांच्यातलं कुणी लोखंडासाठी दहा वर्षांची मुदत देत असेल तर त्याला काहीतरी विकायचं आहे असं समजावं.

कधीच होणार नाही, असंही मी म्हणणार नाही. चार्वाक म्हणत की किण्व, म्हणजे आंबवण, वगैरे पदार्थ एकत्र आले की जशी मद्याला नशा येते, तसं पृथ्वी, पाणी, तेज, वायू ही चार भूतं एकत्र आली की देहात चैतन्य येतं, वेगळा आत्मा लागत नाही. ते बरोबर असेल तर सिलिकॉनला कायमची बंदी घालता येत नाही. आजच्या यंत्रांत मात्र मला तसलं काही दिसत नाही.

आणि तुमच्या मालकाच्या बाजूने बघा. जाग आलेला रोबो त्याला हवाय कशाला? जागा झाला तर तो दिवाळीचा बोनस मागेल, गणपतीत चार दिवस गावी जाईल आणि पाठ धरली म्हणून थर्ड शिफ्टला नाही म्हणेल. यातलं काही होत नाही म्हणूनच तर लाखो रुपये मोजून तो आणला. तुमचं काम घ्यायला रोबोला मन लागत नाही, दादा. मन नसणं हाच त्याचा मोठा गुण आहे. म्हणून हे दोन प्रश्न घरात वेगळे काढा. जाणिवेवर मुलाशी जेवताना खुशाल वाद घाला, पण डिप्लोमाचा निर्णय त्यावर टांगू नका.

आता कामाचं बघू. तुमचे साहेब खोटं बोलले नाहीत. अर्धंच बोलले.

जर्मनीत १९९४ ते २०१४ या काळातल्या कामगारांच्या नोंदी घेऊन अर्थतज्ज्ञांनी बारकाईने अभ्यास केला. जगात सर्वांत जास्त रोबो वापरणाऱ्या देशांपैकी तो एक. रोबो आले त्या कारखान्यांतल्या आधीपासूनच्या कामगारांच्या नोकऱ्या बहुतांशी टिकल्या. बरेच जण त्याच कंपनीत दुसऱ्या कामावर गेले, काहींच्या पगाराला मात्र कात्री लागली. कारखान्यांतल्या जागा तरीही घटल्या. कशा? नव्या पोरांना आत घेणं कमी झालं. बाप आत राहिला आणि मुलासाठी गेट उघडलं नाही. तिथे कामगारांची मजबूत मंडळं होती, म्हणून निदान बाप तरी राहिला. अमेरिकेत १९९० ते २००७ या काळाचा असाच अभ्यास झाला, त्यात रोबो जास्त आले त्या भागांत रोजगार आणि पगार दोन्ही खाली गेले. "नवं तंत्रज्ञान नव्या नोकऱ्या आणतंच" असं व्यासपीठावरून सांगतात, ते हिशेबाच्या शेवटच्या ओळीत खरंही ठरत असेल. पण मधली ओळ ज्याच्या घरावरून जाते, त्याने काय करायचं ते कुणी सांगत नाही.

तुमच्या शॉपमध्ये हेच झालं. कायम माणूस राहिला, कंत्राटी पोरगा गेला, फक्त जाताना "काढलं" असा शब्द कुणी वापरला नाही. सात महिन्यांनी ब्रेक द्यायची पद्धत का पडली हे तुम्ही जाणताच. वर्षात २४० दिवस भरले की सलग वर्षाच्या सेवेचे हक्क लागू होतात, ते भरू द्यायचे नाहीत. म्हणून ती पोरं कपातीच्या आकड्यात कुठेही दिसणार नाहीत.

आपल्याकडे हे पहिल्यांदा घडत नाहीये. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, म्हणजे तेवढ्याच कापडाला कमी माणसं लागतील, या मालकांच्या योजनेवरून तो भडकला. त्या मागांना काही डोकं नव्हतं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. तेव्हा त्यांचं काम कुणी नेलं? एखाद्या झकपक नव्या यंत्राने नाही. संपाच्या आधीपासूनच कापड भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकत होतं, संपानंतर वेगाने सरकलं. साधे, जुनाट माग. तिथे युनियन नव्हती, पाळी बारा तासांची होती आणि पगार कमी. गिरणगावाला हुशार यंत्राने हरवलं असतं तर एक वेळ समजूत पटली असती. हरवलं ते स्वस्त माणसाने, आणि त्या स्वस्त माणसाचंही त्यात काही भलं झालं नाही.

म्हणून रोबोच्या आकड्यांनी मी फारशी दचकत नाही. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या हिशेबाने २०२४ मध्ये भारतात साधारण ९,१०० औद्योगिक रोबो बसले, चीनमध्ये त्याच वर्षी सुमारे २,९५,०००. आपल्याकडे ते हळू येतात, पण त्यात छाती फुगवण्यासारखं काही नाही. बारा-पंधरा हजारांत पोरगा मिळतो तोवर कोण कशाला यंत्र घेईल? तुमच्या कंपनीने घेतलं म्हणजे मोठ्या कंपनीने क्वालिटीचा तगादा लावला असेल, किंवा सीओटूवर टिकणारी पोरं मिळेनाशी झाली असतील. दुसरं कारण असेल तर ते तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. कुठलं आहे ते मेंटेनन्सवाल्याकडून काढून घ्या, त्याला सगळं माहीत असतं.

हाताच्या कामात काय उरतं याचा एक किस्सा सांगते. २०१७-१८ च्या सुमारास टेस्लाने मॉडेल थ्री गाडीची लाइन जवळपास संपूर्ण रोबोंवर चालवायचा घाट घातला. बॅटरीवर घालायची फायबरग्लासची मऊ चटई होती, ती उचलून ठेवायला रोबो लावले. त्यांना ती धड उचलताच येईना, लाइन अडायची. शेवटी ते रोबो काढले, आणि एलॉन मस्कने स्वतः लिहिलं की अति ऑटोमेशन ही चूक होती, माणसाची किंमत कमी धरली जाते. मऊ, लोंबणारं, दर वेळी वेगळं पडणारं काही आलं की रोबो अडखळतो. वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या वायरांच्या जुड्या बांधायच्या, लाइनवर आजही हातच चालतात, आणि आपल्या पट्ट्यात ते बऱ्याचदा बायकांचे असतात. तुमच्या मुलाने टेस्लाचे माणसासारखे रोबोही पाहिले असतील. ऑक्टोबर २०२४ च्या कार्यक्रमात ते पाहुण्यांना पेयं देत, गप्पा मारत होते. मागाहून बाहेर आलं की त्यांना बऱ्याच प्रमाणात दुरून माणसंच चालवत होती.

सीटची फ्रेम मात्र मऊ नसते. ते काम रोबोचंच आहे, आणि खरं सांगायचं तर त्या धुरात वीस वर्षं काढलेल्या माणसाने त्यासाठी रडू नये. पण रोबो वेल्डिंग करतो म्हणजे काय करतो? दिलेल्या मार्गावर टॉर्च नेतो. प्रेसमधून ट्यूब अर्धा मिलिमीटर वाकडी आली, जोडात फट पडली, नोझलवर स्पॅटर, म्हणजे उडालेले धातूचे थेंब, साचून गॅस नीट बसेना, बीडला, म्हणजे वेल्डिंगच्या रेघेला, बारीक भोकं पडायला लागली, की तो त्याच निष्ठेने शंभर फ्रेमा वाया घालवतो. आवाजावरून आर्क बिघडल्याचं ओळखणारा तुम्ही आहात. टॉर्चचा कोन किती बदलायचा, वायर किती बाहेर ठेवायची, कुठे वेग कमी करायचा, हे नव्या डिप्लोमावाल्याला पेंडंट चालवता येत असूनही सुचत नाही, कारण त्याने आयुष्यात बीड मारलेला नसतो.

तेव्हा पेंडंट हातात घ्या. आजच. "मला सेलवर टाका" असं लेखी द्या. टीचिंग मोडमध्ये रोबोचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही, म्हणजे शिकताना घाबरण्याइतका तो पळत नाही. पेंडंटच्या मागे एक स्विच असतो, बोटांनी अर्धवट दाबून धरला तरच हात हलतो. सोडला तरी थांबतो आणि घट्ट आवळला तरी थांबतो. घाबरलेला माणूस एकतर हातातलं टाकून देतो नाहीतर मूठ आवळतो, हे जाणून कुणीतरी तो तसा बनवलाय. मला ती रचना फार आवडते. इंग्रजी मेनूची लाज बाळगू नका, रोज लागणारी बटणं मोजकीच असतात. तुमच्या हाताखाली शिकलेलं एखादं पोरगं मोबाइलवर मॅन्युअल उघडून समजावेल, त्याला चहा पाजा. तुमच्याकडे वेल्डिंगचा कागद नसेल तर अनुभवावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी सरकारी सोय आहे, आरपीएल म्हणतात तिला. आयटीआयमध्ये चौकशी करा.

मुलाला डिप्लोमा करू द्या. मेकॅट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल, पण नुसतं "रोबोटिक्स" नाव चिकटवून मोठी फी घेणाऱ्या नव्या कॉलेजांच्या आधी जुन्या सरकारी तंत्रनिकेतनाचा फॉर्म भरा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचीही माहिती काढा. आयटीआयला जायची त्याची तयारी असेल तर इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन असा ट्रेड आहे. जर्मनीचं जे सांगितलं ते त्याच्यासाठीच होतं. लाइनवर पार्ट लोड करणाऱ्याच्या जागेसाठी गेट बंद होतंय. सेल बंद पडल्यावर रात्री दोनला ज्याला फोन जातो, त्याच्यासाठी अजून उघडं आहे. किती वर्षं, ते कुणी सांगू नये.

युनियनला दोन गोष्टी विचारा. औद्योगिक संबंध संहिता २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली आहे. कामगारकपात होण्याची शक्यता असलेली नवी यंत्रणा आणायची तर मालकाने २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यायची असते. ती दिली होती का? दुसरं, पुढच्या पगारवाढीच्या करारात "रोबोमुळे कुणाची नोकरी जाणार नाही" हे साहेबांचं वाक्य कलम म्हणून घाला, आणि रिकाम्या होणाऱ्या जागांवर आधी जुन्या कंत्राटी मुलांना घ्यायचं हेही. तुमच्याकडे तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर कपातीला सरकारची परवानगी लागत नाही हे लक्षात असू द्या. तशी वेळ आलीच तर महिन्याची नोटीस, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, आणि शिवाय नवं कौशल्य शिकण्याच्या निधीतून १५ दिवसांचा पगार, एवढं कायद्याने मिळतं. चौदा वर्षांच्या पगाराच्या पावत्या एका फाइलीत लावून ठेवा.

खंडेनवमीचं मनाला लावून घेऊ नका. आपण ट्रकची पूजा करतो, तिजोरीची करतो, वहीची करतो. ज्याच्यावर चूल चालते त्याला हळदकुंकू वाहायचं, बाकी त्यात काही नाही. सेन्सरच्या काचेवर कुंकू लागू देऊ नका म्हणजे झालं.

राहिला गाळा. वहिनींची भीती खरी आहे आणि कल्पनाही वाईट नाही, पण पीएफला आत्ता हात लावू नका. नोकरी चालू आहे आणि अंगात जोर आहे, तोवर रविवारी राजगुरुनगरला एखाद्याच्या शेडमध्ये भाड्याच्या मशीनवर ग्रिलची कामं घ्या. कामं मिळतात का यापेक्षा पैसे वेळेवर मिळतात का ते बघा. फॅब्रिकेशनचे धंदे उधारीत बुडतात, वेल्डिंग वाईट म्हणून बुडालेला माझ्या तरी ऐकिवात नाही. वहिनींना हिशेबाची वही सांभाळायला सांगा. आणि गाळा बघायला जाल तेव्हा डिपॉझिट देण्याआधी थ्री-फेज मीटर आहे का आणि ते कुणाच्या नावावर आहे, हे विचारून घ्या.